न मागितलेली चाल

साकवाच्या तोंडाशी हर्षदा शिगवण उभी राहिली, आणि तिचा डावा पाय पुढे जाईना.

साकव तो केवढा? माडाची दोन खोडं, त्यांवर ठोकलेल्या फळ्या, धरायला एका अंगाला बांबू. खाली ओढा. पावसाळा सरला होता, तरी पाणी अजून फेसाळत होतं आणि फळ्यांवर शेवाळ होतं. पलीकडच्या वरच्या कोंडावर, तिथल्या लहानशा वस्तीला, औषधं घेऊन ड्रोन दिवसाआड उडत. माणसांच्या पुलाचा मात्र अजून नकाशाच चालला होता.

त्या कोंडावर सुवर्णा जोगळेला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. ड्रोनने इंजेक्शन पोचवलं होतं. पण ते द्यायला, पोट चाचपून बाळ कसं आहे ते बघायला हात लागतात, आणि ते हात साकवाच्या अलीकडे अडकले होते.

हर्षदा शिरवलीच्या उपकेंद्राची आरोग्यसेविका. पूर्वी हा साकव तिने खांद्यावर पिशवी अडकवून, भर पावसात, प्रसंगी चपला हातात घेऊन ओलांडला होता. मग घाटात तिच्या स्कूटरवर दरड आली आणि डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. त्याच्या जागी हा यंत्राचा पाय आला. सुरुवातीला तो इतका गुणी निघाला, की काही महिन्यांतच ती पुन्हा कोंडावर जाऊ लागली होती. आणि आता हे.

तिने पुन्हा पाऊल उचललं. चवडा फळीला लागला, तसाच थांबला, गुडघा कुलूप लावल्यासारखा ताठ झाला आणि पाऊल मागे येऊन मातीत टेकलं. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

"सिस्टर, येताय ना?" पलीकडून सुवर्णाचा दीर ओरडला.

"नाही जमत रे!" हर्षदाचा आवाज चिरकला. "डोली करा! तिलाच इकडे आणा!"

खुर्चीला बांबू बांधून चौघांनी सुवर्णाला साकवावरून आणलं. उपकेंद्राच्या टेबलावर घेईपर्यंत बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं. रक्त फार गेलं. ॲम्ब्युलन्स आली, दोघं वाचली. पण तालुक्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "अजून थोडा उशीर झाला असता तर बाई हाती लागली नसती."

हर्षदाला कुणी बोल लावला नाही. उलट सुवर्णाच्या सासूने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तुमचा काय दोष, बाय? पाय गेलेल्या माणसाला भ्या वाटायचाच."

तो मायेचा हात हर्षदाला चटक्यासारखा लागला. पुढच्याच आठवड्यात तिने रत्नागिरीच्या शहरी दवाखान्यात बदलीसाठी अर्ज केला.

भीती आपल्यात नेमकी कधी शिरली ते तिला सांगता येत नव्हतं. शिमग्याच्या नंतर केव्हातरी. त्याच सुमारास विहिरीपाशी घसरून तिचं मनगट मुरगळलं होतं, म्हणून सगळ्यांनी तोच धागा पकडला. व्हिडिओवर भेटणाऱ्या समुपदेशक बाई म्हणाल्या, अपघात मन विसरतं, शरीर विसरत नाही. हर्षदा रोज सकाळी डोळे मिटून श्वासाचे व्यायाम करू लागली. बाजारात, डांबरी रस्त्यावर, जिन्यावर पाय झकास चालायचा. लाल माती, कातळ, शेताचा बांध, शेवाळ असं काही आलं, की अडायचा.

तिचा नवरा महेंद्र. रस्त्याला लागून त्याचं छोटं गॅरेज होतं. आसपासच्या सात-आठ गावांचे पॉवर टिलर आणि गवत कापायची यंत्रं त्याच्याकडे यायची. बायकोचा धीर सुटतोय म्हटल्यावर त्याने हातात वेल्डिंग मशीन घेतलं. अंगणात पाइपचा कठडा आला, पायरीला आला, न्हाणीघरात आला, मग घरापासून थेट रस्त्यापर्यंत गेला. त्याच्या परीने तो प्रेमच करत होता. कुठेही जायचं झालं की तो तिचा दंड धरायचा आणि म्हणायचा, "घाबरू नकोस, मी आहे ना."

हे वाक्य ऐकलं, की हर्षदाला आतून जळल्यासारखं व्हायचं. पण भित्र्या माणसाने कुणावर चिडायचं?

"रत्नागिरीला सगळं सपाट आहे," एका सकाळी चहा घेताना महेंद्र म्हणाला. "गॅरेजला जागाही बघून ठेवलीय मी."

"आणि इथलं गॅरेज?"

"तिथे स्कूटरी दुरुस्त करीन. त्यात काय!"

'त्यात काय' म्हणताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही. कपातल्या चहाकडे बघितलं.

बदलीचं जवळजवळ नक्की झालं, तेव्हा हर्षदा, जिथे पाय बसवला होता त्या चिपळूणच्या केंद्रात गेली. आता शहरातच राहायचं, तर पायाची जुळणी तशी करून घ्यावी, एवढाच हेतू होता. तिथल्या सरावाच्या खोलीत सगळ्या तऱ्हेची जमीन मांडून ठेवलेली असे: पायऱ्या, वाळू, ओला चिखल, जांभ्या दगडांचा चढ. हर्षदा बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसली.

समोर एक धिप्पाड माणूस दगडांच्या चढावर चढायचा प्रयत्न करत होता. पांढरी दाढी, खांदे नांगर ओढणाऱ्याचे. त्याचाही डावाच पाय यंत्राचा होता. त्याने पाऊल उचललं. चवडा दगडाला लागला, तसाच थांबला, गुडघा ताठ झाला, पाऊल मागे येऊन टेकलं.

हर्षदा बसल्या जागी ताठ झाली.

त्याने पुन्हा प्रयत्न केला. तोच थांबा, तेच कुलूप, मागे यायची तीच तऱ्हा. जणू कुणीतरी तिचाच पाय त्या माणसाला लावला होता.

"भाई, जरा थांबा," ती उठून म्हणाली. "मी तुमच्या शेजारी येते. दोघांनी एकदम पाऊल टाकू."

"आणि एकदम पडू?" तो हसला. त्याचं नाव इस्माईल मुकादम. जयगडच्या बाजूचा मच्छीमार, स्वतःच्या बोटीचा तांडेल. दोराच्या फासात पाय गेला होता.

दोघं चढाच्या पायथ्याशी शेजारी शेजारी उभे राहिले. "एक, दोन, तीन," हर्षदा म्हणाली. दोन डावे पाय उचलले गेले, दोन चवडे दगडाला लागले, एकाच वेळी थांबले, एकाच वेळी मागे आले. कवायतीतल्या शिपायांसारखे.

इस्माईलभाई मोठ्याने हसला. मग हसता हसता गप्प झाला.

"शिमग्यापास्नं हे असं झालंय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "बोटीच्या ओल्या फळीवर पाय ठेववत नाही. पोरं म्हणतात, अब्बा, आता तुम्ही घरी बसा. मी म्हटलं, झालं, म्हातारा झालो, दर्याला भ्यायला लागलो."

"आणि मला वाटलं, मी दरडीला भ्यायला लागले," हर्षदा म्हणाली. "भाई, तुम्ही दर्याचे, मी डोंगराची. आपली भीती इतकी एकसारखी कशी?"

केंद्राची सॉफ्टवेअर इंजिनियर रुचिरा केळुसकर त्या वेळी तिथूनच चालली होती. पंचविशीतली, केस घट्ट बांधलेली, बोलणं भराभर. हर्षदाने तिला थांबवलं आणि दोघांचं तेच पाऊल पुन्हा करून दाखवलं.

"ताई, भीतीत माणसाचा पाय साधारण असाच वागतो," रुचिरा समजुतीच्या सुरात म्हणाली.

"अगं, बाळंतपणात बायका ओरडतात, पण दोघी एका सुरात ओरडलेल्या मी अजून ऐकल्या नाहीत."

रुचिराने दोघांच्या पोटरीला एकेक वायर जोडली आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन जमिनीवरच बसकण मारली. दोघांना चढावर परत परत पाऊल टाकायला लावलं. हळूहळू तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग तिने आपल्या पुण्यातल्या वरिष्ठांना फोन लावला, बराच वेळ बोलत राहिली, आणि परत आली ती खुर्ची ओढून दोघांच्या अगदी समोर बसली.

"तुम्ही घाबरत नव्हता," ती म्हणाली.

हर्षदा पुढे वाकली.

"म्हणजे, पाय थांबत होता तो तुमच्या भीतीने नाही. मी नीट सांगते. ताई, तुमच्या दवाखान्यात रोग्यांना जेवण कुठून येतं?"

"मोठ्या दवाखान्यात ना? स्वयंपाकघरातून. नर्स चिठ्ठी लिहिते: बिनमिठाचं, मऊ भात, साखर नको. त्याप्रमाणे ताट येतं."

"बरोबर. नर्सला स्वयंपाक यावा लागत नाही, आणि स्वयंपाक्याला रोगी बघावा लागत नाही. मध्ये फक्त चिठ्ठी. तुमच्या पायात अगदी हेच आहे."

मग तिने समजावून सांगितलं. पोटरीत एक छोटा संगणक असतो. मांडीच्या स्नायूंवरचे सेन्सर माणसाला काय करायचंय ते ओळखतात, तळव्यातले सेन्सर जमीन कशी आहे ते ओळखतात. पण कसं चालायचं हे त्या पायाला स्वतःला येत नाही. जमीन बदलली, की तो 'चाल' मागवतो. ही चाल म्हणजे प्रोग्रॅमचा एक सुटा तुकडा. सपाट रस्त्याची चाल वेगळी, जिन्याची वेगळी, वाळूची वेगळी. प्रत्येक चालीला तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: पाऊल उचलणं, टेकणं आणि तोल धरणं. तेवढ्या येत असल्या, की आत काय आहे ते पाय विचारत नाही. आणि या चाली तयार करून देणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला त्यांच्या धंद्यात फॅक्टरी म्हणतात. पाय फॅक्टरीला चिठ्ठी पाठवतो: माणसाचं वजन इतकं, उंची इतकी, जमीन अमुक. फॅक्टरी त्या मापाची चाल घडवून हातात ठेवते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

"यात सोय मोठी आहे," रुचिरा म्हणाली. "नवी चाल शोधून काढली, की पाय उघडावा लागत नाही. फॅक्टरीत नवी पद्धत घातली, की सगळ्या पायांना मिळते."

"मग बिघडलं कुठे?" इस्माईलभाईने विचारलं.

"शिमग्याच्या सुमाराला आम्ही फॅक्टरीतली जमिनींची यादी नव्याने लिहिली. जुनी नावं काढून नवी घातली. रस्ता, जिना, फरशी, बगिचा सगळं आलं. पण तुमचे पाय अजून जुन्या नावानेच मागत होते: 'ओला कातळ', 'शेवाळी लाकूड'. नव्या यादीत ही नावंच नाहीत."

"मग फॅक्टरीने सांगायचं ना, की नाही आमच्याकडे."

"तिथेच तर..." रुचिराने ओठ चावला. "चिठ्ठी कळली नाही तर काहीतरी द्यायलाच हवं, नाहीतर चालता माणूस मधेच पडेल. म्हणून एक ठरलेली चाल ठेवली होती. तिचं नाव 'पहिली पावलं'. ऑपरेशननंतर पहिल्या दिवसांत दोन दांड्यांच्या मध्ये माणूस चालतो ना, त्या वेळची. जरा शंका आली की थांबायचं, गुडघा लॉक करायचा, मागे यायचं. फॅक्टरी गुपचूप ती देत राहिली. पायाला वाटलं, मागितली तीच मिळाली. शहरात चालणाऱ्यांना काही फरकच पडला नाही, म्हणून आमच्यापर्यंत तक्रार आली नाही."

हर्षदाला समजायला थोडा वेळ लागला. मग तिच्या तोंडून शब्द सुटले ते अगदी शांतपणे.

"म्हणजे चिठ्ठी वाचता आली नाही म्हणून इतके महिने तुम्ही आम्हाला पथ्याचं जेवण वाढत होतात. आणि आम्हाला वाटत होतं, आमचीच भूक मेलीय."

"हो," रुचिरा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "सॉरी, ताई."

हर्षदाला संताप यायला हवा होता. तो आलाही, पण जरा मागाहून. आधी आलं ते भलतंच काहीतरी. छातीवर कुणीतरी पाटा ठेवला होता आणि तो तिथे आहे हे विसरून ती जगत होती, आणि आता तो उचलला गेला होता. तिने इस्माईलभाईकडे बघितलं. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला होता, आणि त्याचे खांदे हलत होते. हसतोय की रडतोय ते त्यालाही सांगता आलं नसतं.

रुचिरा मात्र कामाला लागली होती. "परवानगी मिळालीय. जुनी नावं यादीत परत घातली, की काम झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या पायांना पाठवून देते. उद्या सकाळी उठतील तेव्हा सगळे ठीक झालेले असतील!"

"सगळ्यांना?" हर्षदाने विचारलं. "किती जण असतील असे?"

"कोकणात, घाटमाथ्यावर, मेळघाटात... काही शे तरी."

"त्यांना कळवलंस?"

"कळवते ना. मेसेज जाईल. पण ताई, चूक आमची आहे. ती दुरुस्त करायला विचारायचं कसलं?"

हर्षदाच्या डोळ्यांपुढे तिचेच रोगी आले. "हे बघ. एखादी म्हातारी बाई असेल. तिचा पाय बांधावर थांबतो. सुरुवातीला घाबरली असेल, पण आता सवय झालीय. आता ती त्या थांबण्यावरच भार टाकत असेल, तिथे टेकून दम खात असेल. उद्या सकाळी तो पाय थांबलाच नाही, तर?"

रुचिराचा हात लॅपटॉपवर तसाच राहिला.

"साधी गोळी बदलायची तर मी घरी जाऊन सांगून येते," हर्षदा म्हणाली. "तुम्ही मला न विचारता भित्री केलंत. आता कुणाला न विचारता धीट करू नका."

"पण तोपर्यंत ते लोक स्वतःला घाबरट समजत बसणार!"

"म्हणून तर मेसेज नको, फोन कर. 'तुम्ही घाबरत नव्हता' हे आधी सांग. ते औषध लगेच लागू पडतं, मी आत्ताच घेतलंय. पायाचं मग बघू."

इस्माईलभाई डोळे पुसत म्हणाला, "बाई खरं बोलते. आणि किनाऱ्यावरच्यांची यादी मला दे, पोरी. मच्छीमार माणूस बाहेरच्याचा फोन ऐकत नाही. माझा ऐकेल."

"आणि ती तुझी फॅक्टरी," हर्षदा पुढे म्हणाली, "तिला नाही म्हणायला शिकव. मागितलेलं जवळ नसेल, तर पथ्याचं वाढायचं तर वाढ. पण वाढताना मोठ्याने सांग."

ते काम त्या दिवशीच झालं. ओळखीची नसलेली जमीन लागली, की पाय पोटरीत दोनदा थरथरणार आणि फोनवर सांगणार: ही जमीन मला माहीत नाही, मी सावध चालतोय. रुचिरा म्हणाली, प्रोग्रॅमच्या जेमतेम चार ओळी लागल्या. हे सांगताना तिला लाज वाटत होती.

हर्षदाने स्वतःपुरता होकार दिला. रुचिराने बटण दाबलं. दगडांचा चढ समोर होता. हर्षदाने पाऊल उचललं, चवडा दगडाला लागला, आणि पाय थांबला नाही. तो वर गेला, आणि त्याच्याबरोबर ती.

आणि ती घाबरली! पोटात गोळा आला, तळहातांना घाम सुटला. तशीच ती दुसऱ्या दगडावर उभी राहिली, आणि एकदम तिच्या लक्षात आलं: साकवापाशी यातलं काहीच झालं नव्हतं. ना गोळा, ना घाम. नुसता पाय थांबला होता, आणि तो थांबला म्हणून आपण घाबरलो असं ती धरून चालली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या नाड्या बघणाऱ्या बाईने स्वतःची एकदाही बघितली नव्हती.

ही भीती मात्र तिची होती. ओळखीची, लहानपणापासूनची. 'थांब जरा' म्हटलं तर थांबणारी आणि 'चल आता' म्हटलं तर कुरकुरत का होईना, मागून येणारी. हर्षदा तिसऱ्या दगडावर गेली.

घरी आल्यावर तिने महेंद्रला सगळं सांगितलं. तो गॅरेजमध्ये एका टिलरचं इंजिन उघडून बसला होता. हात ग्रीसने माखलेले तसेच ठेवून त्याने ऐकून घेतलं. पथ्याच्या जेवणाचं उदाहरण त्याला फार आवडलं. मग केंद्रातल्या लोकांना त्याने मनसोक्त शिव्या घातल्या. त्या संपल्यावर म्हणाला, "मग आता रत्नागिरी?"

"नको."

"नक्की?"

"अर्ज मागे घेते उद्या."

महेंद्रने मोठा श्वास सोडला आणि तिथेच टिलरला टेकून बसला. "बरं झालं बाई. शहरातल्या स्कूटरींना काय हात लावायचा असतो? सगळं सीलबंद. मी तीन दिवसांत वेडा झालो असतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू आधीच अर्धी झाली होतीस. त्यात मी कुठे माझं रडगाणं गाऊ?"

ती त्याच्या शेजारी बसली. मग महेंद्र स्क्रू ड्रायव्हरशी चाळा करत म्हणाला, "एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"सांगा."

"बाहेर पडताना तू माझा हात धरायचीस, ते मला बरं वाटायचं. लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी धरला नव्हतास. सदा आपली पुढे धावायचीस. आता परत धावशील."

हर्षदाने त्याच्याकडे बघितलं. दंड धरणाऱ्या ज्या हाताने ती आतून जळायची, त्या हातालाही काहीतरी हवं होतं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तिने त्याचा ग्रीसचा हात आपल्या हातात घेतला.

"धावेन," ती म्हणाली. "पण बाजारात जाताना धरीन. मात्र 'घाबरू नकोस' म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. नुसतं चाला."

पुढच्या दिवसांत रुचिराचे फोन येत राहिले. बहुतेकांनी चाल बदलून मागितली होती. मेळघाटातला एक तरुण फोनवरच ओरडला म्हणे, आणि सगळा पाडा गोळा झाला. राजापूरकडच्या एका निवृत्त मास्तरांनी मात्र स्पष्ट नकार दिला. 'मला हीच चाल मानवलीय. थांबत थांबत जातो, दोन झाडं जास्त बघतो,' असं त्यांचं म्हणणं. त्यांना त्यांची चाल ठेवू दिली, फक्त आता ती त्यांनी मागितलेली होती. एक आजी खरोखरच थांबणाऱ्या पायावर टेकून दम खात होत्या. त्यांना केंद्रात आणून, दांड्यांच्या मध्ये, हळूहळू चाल बदलायचं ठरलं. इस्माईलभाईचा फोन आला तो बोटीवरून. वाऱ्याच्या आवाजात त्याचं निम्मं बोलणं उडून गेलं. एवढंच कळलं, की पोरं आता त्याला जाळी ओढू देत नाहीत आणि तो त्यांना सुकाणूला हात लावू देत नाही.

तालुक्याचे डॉक्टर बदलीच्या घोळाबद्दल थोडे करवादले. पण अर्ज मागे घेतल्याचं ऐकून शेवटी म्हणाले, "तुमच्या जागी यायला कुणी तयारच नव्हतं हो. सुटलो!"

मग एका सकाळी हर्षदा पिशवी घेऊन वरच्या कोंडावर निघाली. साकवावर तिने घाई केली नाही. फळ्या अजून ओल्या होत्या. ओळखीची भीती मागून आलीच, तिने बांबू धरला आणि एकेक पाऊल टाकत पलीकडे गेली. पुढे चढ, मग नाचणीच्या शेतांमधली पायवाट. ऊन कोवळं होतं, वारा होता, आणि कितीतरी महिन्यांनी रस्ता तिच्या पायांखालून भराभर मागे जात होता. तिने चाल वाढवली. मग आणखी वाढवली. बांधाच्या वळणावर चिखल होता तो तिला दिसला होता, आणि दिसूनही तिने उडी टाकली.

ती सपशेल आपटली. पिशवी एकीकडे, ती एकीकडे. कोपर खरचटलं, साडी लाल चिखलाने भरली. पायाने काही कुरकुर केली नाही, तो थरथरलाही नाही. ही जमीन त्याला माहीत होती. उडी तिची होती.

जोगळ्यांच्या अंगणात ती पोचली, तेव्हा सुवर्णाची सासू तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली टाकलं.

"अगो बाय! पडलाव की काय? पायानं दगा दिलान?"

"नाही हो. पायाने नाही," हर्षदा म्हणाली. "मीच घाई केली."

हे तिने असं काही खुशीत सांगितलं, की सासू तिच्याकडे बघतच राहिली. आतून सुवर्णा बाळाला घेऊन बाहेर आली. बरीच भरली होती, गालावर रंग आला होता. हर्षदाला चिखलात माखलेली बघून तिने आधी तोंडावर पदर घेतला, मग तिला हसू आवरेना. हर्षदाही हसायला लागली. बाळ दोघींच्या आवाजाने दचकलं आणि टुकूटुकू बघू लागलं.

"हसतेस काय, हात धुवायला गरम पाणी दे," हर्षदा पिशवीतून वजनकाटा काढत म्हणाली. "आणि आण त्याला इकडे. बघू तरी केवढा झालाय."